भिंती नसलेलं घर : कोस्टा रिकाच्या ओसा द्वीपकल्पात सहकुटुंब मुक्काम

नीरफणस

लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर घेऊन खऱ्याखुऱ्या जंगलात राहता येतं का, असं विपूतून (माझ्या विचारपुशीच्या पानावर) बऱ्याच जणांनी विचारलं. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा धागाच काढते. हे प्रवासवर्णन नाही. तिथे राहायला जाणाऱ्याला आधी काय ठाऊक असावं, एवढंच लिहितेय.

जागा म्हणजे कोस्टा रिकाच्या नैर्ऋत्य टोकाचा ओसा द्वीपकल्प. एका अंगाला प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगाला गोल्फो दुल्से नावाचं आखात, आणि पश्चिमेला १९७५ साली झालेलं कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान. सान होसेहून रस्त्याने गेलात तर दिवस जातो. छोट्या विमानाने तासाभराच्या आत पुएर्तो हिमेनेसला उतरता. तिथली धावपट्टी दफनभूमीला लागून आहे. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "सोय बघून ठेवलीय हो यांनी." पुढे जीप, कच्चा रस्ता, आणि पूल नसलेले ओढे.

घर टेकडीच्या उतारावर, लाकडी खांबांवर उभं. वर मोठं छप्पर, त्याच्या पागोळ्या जोत्याच्या बऱ्याच बाहेर पडतील एवढी त्याची झेप. खाली फळ्यांची जमीन. चारी बाजूंना कमरेएवढा कठडा. बस्स. भिंत नाही, खिडकी नाही, काच नाही. न्हाणीघराला खांद्यापर्यंत आडोसा आणि धान्य ठेवायच्या कोठीला बारीक जाळी आणि कडी, एवढाच बंदिस्तपणा. पलंगांवर मच्छरदाण्या. वीज सौर पॅनेलवर, म्हणजे दिवे आणि छोटा फ्रीज चालतो. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री विसरा. पाणी वरच्या ओढ्याचं, गाळून आणलेलं.

आता मुद्द्याचं. जाण्याआधी आम्ही सगळे जनावरांची भीती घोकत होतो. तिथे गेल्यावर कळतं की भिंत नसलेल्या घरात खरा त्रास ओलीचा. उशा दमट, कपडे वाळत नाहीत, पासपोर्टची पानं कुरळी होतात, मीठ पाझरतं, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी धरते. आम्ही फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या कोरड्या दिवसांत होतो, तरी ही गत. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवायचा आणि काढला की लगेच परत आत. फोटो थोडे आहेत ते यामुळे.

दिवसाचं वेळापत्रक आपल्या हातात राहत नाही. पहाटे, अंधार असतानाच, हाउलर माकडं ओरडायला लागतात. तिथे त्यांना कोंगो म्हणतात. काही किलोमीटरवर ऐकू जाणारा आवाज आहे तो, आणि तुमच्या डोक्यावरच्या फांदीवरून आला तर माणूस ताडकन उठून बसतो. धाकटा (वय पाच) पहिल्या दिवशी रडला, नंतर त्यांची नक्कल करून आम्हालाच उठवायला लागला. मग लाल मकाव, म्हणजे लांब शेपटीचे मोठे पोपट. जोडीजोडीने येतात, भांडत येतात, आणि किनाऱ्याकडच्या बदामाच्या झाडांवर बसून फळं फोडतात. हा बदाम म्हणजे आपल्याकडे शाळेच्या आवारात असतो तो, मोठ्या पानांचा. मूळचा आपल्याच बाजूचा, आशियातला. तिथल्या मकावांनी त्याला आपलं केलंय. खाली बसलात तर डोक्यावर टरफलं पडतात.

सकाळी चिमुकल्या स्क्विरल माकडांची टोळी कठड्याला लागून असलेल्या झाडांमधून जाते. ती कीटक शोधण्यात इतकी गर्क असतात की तुमच्याकडे लक्ष नसतं. पांढऱ्या तोंडाची कॅपुचिन मात्र वेगळी जात. ती तुमच्याकडे बघतात. थांबून, नीट, हिशोब करत बघतात. आमच्या चहाच्या टेबलावरचा केळ्यांचा घड आम्ही सगळे तिथे बसलेलो असताना गेला. त्यानंतर थोरलीने (वय नऊ) कोठीच्या कडीची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि सगळ्यांना धाकात ठेवलं.

हीच या घराची गोम आहे. कुंपण नाही, तेव्हा शिस्त हेच कुंपण. अन्नाचा कण उघड्यावर ठेवायचा नाही, ओटा लगेच पुसायचा. बूट घालण्यापूर्वी आपटायचे. टॉवेल झटकायचा. कठड्यावर हात ठेवण्याआधी बघायचं, कारण तिथे बाला नावाची बोटाच्या पेराएवढी काळी मुंगी फिरते आणि तिचा डंख दिवसभर ठणकतो. सूर्यास्तापूर्वी मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची. सहाला अंधार पडतो आणि तो अंधार म्हणजे खरा अंधार. विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, न्हाणीघरापर्यंतसुद्धा नाही. मुलांना हे सगळं मोठ्यांपेक्षा लवकर जमतं. नवऱ्याला सर्वात उशिरा जमलं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

वेंधळी_बाई

वाचूनच पाय वर घेऊन बसलेय. साप??? तुम्ही मुंगीवर परिच्छेद लिहिलात आणि सापाचं नावही नाही!

नीरफणस

वेंधळी, ठरवूनच पहिल्या पोस्टीत नाही लिहिलं, नाहीतर पुढचं कोणी वाचलं नसतं :)

साप आहेत. काळजी करायची ती तेर्सिओपेलोची. फुरशासारखाच पाचोळ्याच्या रंगाचा, पण बराच मोठा, आणि कोस्टा रिकातले बहुतेक गंभीर सर्पदंश त्याचेच. पण तो जमिनीवरचा, पाचोळ्यातला साप आहे. म्हणून तिथली माणसं शेतात, जंगलात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालतात. आम्हीही घातले. पायवाट सोडायची नाही, रात्री विजेरी पायापुढे धरायची.

घरात एक दिसला, छपराच्या वाशावर वेटोळं करून. बोआ, बिनविषारी. घर सांभाळणाऱ्या काकांनी वर बघितलं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हा उंदीर खातो, इथलाच आहे, राहू दे. सासूबाईंनी पलंग दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून घेतला, एवढंच. "कोकणातल्या माळ्यावर काय कमी असायचे?" हे वर.

रातकिडा_०७

छान धागा. मी ओसात संशोधनाच्या कामासाठी राहिलोय, म्हणून थोडी भर.

सर्पदंशाबाबत: सान होसेजवळ क्लोदोमिरो पिकादो संस्था आहे, १९७०ची. तिथे देशातल्या सापांवरचं प्रतिविष बनतं आणि इतर देशांनाही जातं. त्यामुळे तिथे दंशाने मरणं आता फार विरळ झालंय. मात्र इलाज रुग्णालयातच. पट्टी आवळणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. हातपाय न हलवता रुग्णाला न्यायचं. पुएर्तो हिमेनेसला दवाखाना आहे, मोठं रुग्णालय आखातापलीकडे गोल्फितोला. घर ठरवताना "समुद्र किती जवळ" याऐवजी "रात्री गाडी मिळते का, ओढा फुगला तर काय" हे विचारा.

आणि नीरफणस, लष्करी मुंग्या नाही आल्या घरात?

नीरफणस

आल्या ना! त्यावर वेगळं लिहायचं होतं.

दुपारची वेळ. आधी आवाज आला, कोरड्या पानांवर बारीक सर पडावी तसा, पण आभाळ स्वच्छ. मग कठड्याखालून झुरळं, कोळी, नाकतोडे वर पळत यायला लागले. त्यांच्या मागे काळसर तपकिरी लोट. जमिनीवर, खांबावर, पायऱ्यांवर. काकांनी शांतपणे आम्हाला घराबाहेर काढलं, कपाटांची दारं सताड उघडी करून ठेवली आणि खुर्च्या अंगणात मांडल्या. आम्ही बाहेर बसून आमचंच घर बघत राहिलो. एक विंचू मच्छरदाणीच्या दांडीवर चढला, तिथेही त्याला गाठलं त्यांनी. थोरली वहीत चित्रं काढत होती. धाकट्याला विंचवाची दया आली.

संध्याकाळपूर्वी त्या निघून गेल्या आणि घरात एक झुरळ उरलं नाही. काका म्हणाले ते ऐकून आम्ही हसलो: झाडलोट करणाऱ्या बायका येऊन गेल्या.

रातकिडा_०७

अगदी. तिथले लोक त्यांना हाकलत नाहीत ते याचसाठी. या मुंग्यांना कायमचं वारूळ नसतं. स्वतःच्या शरीरांनी एकमेकींना धरून त्या मुक्कामाचं घर करतात, राणी आणि अळ्या त्याच्या आत. अळ्या वाढत असतात त्या दिवसांत रोज मुक्काम हलतो. कोष झाले की काही आठवडे एकाच जागी. लोटाच्या पुढे पक्षी दिसले का? काही पक्ष्यांचं पोटच त्यावर आहे. मुंग्या खायच्या नाहीत, मुंग्यांनी उठवलेले किडे टिपायचे.

पानं वाहून नेणाऱ्या मुंग्या निराळ्या, दोन्हींत गल्लत होते. त्या पानं खात नाहीत. जमिनीखाली पानांच्या लगद्यावर बुरशीची शेती करतात आणि ती बुरशी खातात.

सातपुडी

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमची लेक दोन वर्षांची आहे. यंदा जावं का? नवरा म्हणतो जाऊ, मी डळमळीत.

नीरफणस

सातपुडी, माझं स्पष्ट मत: थांबा. उंच जोतं, उघडा कठडा, आणि हाताला लागेल ते तोंडात घालायचं वय. तुम्ही तिच्या मागेच पळाल, मकाव नवरा बघेल. पाच वर्षांच्या मुलाला "आधी बघ, मग हात लाव" समजतं. दोनच्या मुलीला नाही समजत.

तांबडफुटी

असहमत. आम्ही आमच्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन ओसातच राहिलो होतो, काहीही झालं नाही. तिथल्या लोकांची मुलं तिथेच जन्मतात, वाढतात. आपणच शहरात राहून भित्रे झालोय.

सातपुडी

तांबडफुटी, तुमचं घर असंच चारी बाजूंनी उघडं होतं का?

तांबडफुटी

नाही, झोपायच्या खोलीला जाळ्या होत्या. आणि दार होतं.

नीरफणस

मग तो वेगळा प्रकार झाला :) तिथली बरीच घरं तशीच असतात, अर्धी उघडी, झोपायची खोली जाळीबंद. सातपुडी, जायचंच असेल तर तसं घर बघा. गंमत थोडी कमी, झोप बरीच जास्त. स्थानिक कुटुंबांचीही घरं मी पाहिली ती बंदच होती. भिंत नसलेलं घर ही पाहुण्यांची हौस आहे.

चकोट

भाबडा प्रश्न : कुलूप कुठे लावता? पासपोर्ट, पैसे, लॅपटॉप?

नीरफणस

लोखंडी तिजोरी होती, जमिनीत बोल्टने बसवलेली. मुख्य वस्तू त्यात. बाकी काही न्यायचंच नाही. दागिने घरी. डॉलर चालतात, पण सुटे कोलोनमध्ये मिळतात, तेव्हा थोडे कोलोन जवळ ठेवा. माणसांकडून काही त्रास झाला नाही. कॅपुचिननी मात्र औषधांची पिशवी उघडली, चेन ओढून. गोळ्या आवडल्या नसाव्यात, खाली टाकून दिल्या. पण ती गंमत नाही, औषधंही कोठीतच ठेवा.

उंबरकर

लेखन चांगलं आहे, पण एक खटकतं. जंगलात घर बांधायचं, विमानाने तिथे जायचं, आणि मग "निसर्गाच्या कुशीत" म्हणायचं. जंगलाला आपण नकोच असतो. हा श्रीमंतांचा खेळ आहे.

नीरफणस

"निसर्गाच्या कुशीत" मी कुठेही म्हटलेलं नाही हो. बाकी आक्षेप रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही.

रातकिडा_०७

उंबरकर, थोडा इतिहास पाहा, मग वाद घालू.

ओसात आधी काय होतं? लाकूडतोड, गुरांची कुरणं आणि सोनं. कोर्कोवादोच्या नद्यांत शेकडो लोक सोनं गाळत होते, उद्यान झाल्यावरही. त्यांना १९८६ साली सरकारने बाहेर काढलं, आणि ती माणसं उघड्यावर आली, हाही त्या उद्यानाच्या गोष्टीचा भाग आहे. देशभरात जंगल इतकं घटलं होतं की १९८०च्या दशकात जेमतेम पाव भूभागावर उरलं होतं. आज ते निम्म्याहून जास्त आहे. १९९६च्या वनकायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या वापराला न्यायला बंदी केली आणि जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला मोबदला द्यायला सुरुवात केली. तो पैसा बराचसा इंधनावरच्या करातून येतो. २०१२ साली हौशी शिकारीवर बंदी आली. ही पाहुण्यांची घरं बरीचशी जुन्या कुरणांवर उभी आहेत आणि आजूबाजूचं जंगल पुन्हा उगवलेलं आहे. पूर्वी बंदूक घेऊन फिरणाऱ्यांची मुलं आज वाटाडे आहेत. कोर्कोवादोत परवानाधारक वाटाड्याशिवाय आता जाताच येत नाही, त्यामुळे ते काम टिकून आहे.

उंबरकर

माहितीबद्दल आभार, खरंच. पण पाहुणे वाढले की रस्ता रुंद होतो, दिवे वाढतात, जमिनीचे भाव चढतात आणि त्याच वाटाड्याला गावात घर परवडत नाही. हेही आपल्याच किनाऱ्यावर पाहतोय.

रातकिडा_०७

त्यावर वाद नाही. जमिनी परदेशी लोकांनी घेतल्यात हे खरं आहे. पर्याय म्हणून गावातल्या कुटुंबांनी चालवलेल्या साध्या खोल्या आहेत, तिथे राहिलं तर पैसा थेट हातात जातो. आणि जनावरांना खायला घालणाऱ्या यजमानाकडे राहू नका. फोटोसाठी कठड्यावर केळी मांडतात काही जण. कायद्याने बंदी आहे त्याला, आणि अशी माकडं पुढे चावरी होतात.

वेंधळी_बाई

+१ शेवटच्या वाक्याला. माथेरान आठवलं.

मिरगाचा_पाऊस

आम्हाला सुट्टी फक्त जुलैत मिळते. भर पावसाळा असेल ना?

रातकिडा_०७

मे ते नोव्हेंबर पावसाळा, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात जोराचा. द्वीपकल्पावर ठिकठिकाणी वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पडतो. आंबोलीला याहून जास्त पडतो, पण आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथे निम्म्याहून जास्त वर्ष चालतो. जुलैत सकाळ बहुधा कोरडी, दुपारी धो धो. बेडकांसाठी तोच काळ चांगला. लाल डोळ्यांचा हिरवा बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडी घालतो, आणि सापाने ती खायला सुरुवात केली की त्या हादऱ्यानेच पुरती वाढ झालेली पिल्लं मुदतीआधी अंडी फोडून पाण्यात उड्या टाकतात. शिवाय जुलैपासून दक्षिण गोलार्धातले कुबडे देवमासे पिल्लं घालायला त्या किनाऱ्याला येतात. ओढे फुगतात हे मात्र लक्षात ठेवा, जीपवाला "आज नाही" म्हणाला तर हुज्जत घालू नका.

मिरगाचा_पाऊस

मग जुलै पक्का. ओल सोसू.

जास्वंद_नि_शेवगा

शाकाहारी लोकांचं काय? आणि स्वयंपाक केला की वासाने जनावरं येत नाहीत का?

नीरफणस

शाकाहाऱ्यांची चैन आहे. गाल्यो पिंतो म्हणजे भात आणि काळा घेवडा एकत्र परतलेला, सकाळी न्याहारीलाच मिळतो. पिकलेल्या राजेळी केळ्यासारख्या केळ्याचे तळलेले काप. पपई, अननस हवे तेवढे. घेवडा डुकराच्या चरबीत केलाय का ते विचारून घ्यायचं. सासूबाईंनी हिंगाची डबी नेली होती आणि एक दिवस घेवड्याची आमटी केली, काकांनी दोनदा वाढून घेतली.

फोडणीच्या वासाने कोणी आलं नाही. पण रात्री खरकटं राहिलं असतं तर रॅकून, आणि उजाडल्यावर त्यांचेच लांब नाकाचे भाऊबंद कोआटी नक्की आले असते. कचऱ्याच्या डब्याला झाकण, झाकणावर दगड.

चकोट

अवांतर: व्हिसा?

नीरफणस

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा बहुप्रवेश व्हिसा असेल तर वेगळा लागत नाही. अटी बदलतात, वकिलातीच्या संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधीच बघा.

सातपुडी

नवऱ्याला धागा वाचायला दिला. तीन वर्षांनी जायचं ठरलं. तोवर यादी देऊन ठेवाल का, काय काय न्यायचं?

नीरफणस

लांब बाह्यांचे पातळ, चटकन वाळणारे कपडे. सुती जीन्स अजिबात नको, ती परतीपर्यंत ओलीच राहील. प्रत्येकाला डोक्याला बांधायची विजेरी, लाल प्रकाशाची सोय असलेली. पांढऱ्या दिव्यावर पतंग तोंडावर येतात. जांभळ्या प्रकाशाची छोटी विजेरी मिळाली तर घ्या. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात, मुलं तासभर त्यात रमतात आणि पलंगाखालची तपासणीही होऊन जाते. डासांचं मलम, पण ते लावलेल्या हाताने बेडकाला हात लावू नये (तसाही लावू नयेच). गवतातल्या कोलोरादिया नावाच्या सूक्ष्म किड्यांमुळे घोट्याला, कमरेला भयंकर खाज सुटते, त्यासाठी डॉक्टरांकडून आधीच मलम लिहून घ्या. वटवाघूळ किंवा कुठलंही जनावर चावलं, ओरबाडलं तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना, रेबीजची लस. म्हणून मच्छरदाणी खोचण्यावर मी एवढा जोर देते.

रबरी बूट बहुतेक ठिकाणी मिळतात, लहान मुलांच्या मापाचे आहेत का ते आधी विचारा. आणि सामान कमी ठेवा. छोट्या विमानात बॅगांबरोबर माणसांचंही वजन करतात, सगळ्यांसमोर. ज्येष्ठांना तेवढी कल्पना आधी द्या.